बाबा घरातच आहे, पण... अशा घरातल्या मुलांसाठी गोष्टीची पुस्तकं सुचवा

ओसरी | १४ मार्च, रात्री १०:४०

माझी भाची नऊ वर्षांची, चौथीत आहे. तिचा बाबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. जानेवारीपासून तो डिप्रेशनमध्ये आहे. औषधं चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत, वहिनी खंबीर आहे. त्याबद्दल सल्ला नकोय, ते आमचं आम्ही निभावतोय. प्रश्न भाचीचा आहे.

घरात तिला सांगितलंय, "बाबाला बरं नाहीये." पंधरा दिवसांपूर्वी ती माझ्याकडे राहायला आली होती. रात्री मला म्हणाली, "आत्या, बरं नसलं की ताप येतो. मी बाबाला दोनदा थर्मामीटर लावला. ताप नाहीये." मग बराच वेळ गप्प. मला वाटलं झोपली. तर अंधारात आवाज आला, "गॅदरिंगच्या वेळी मी ड्रेससाठी खूप हट्ट केला होता ना. त्यानंतरच झालं हे."

मी "छे गं, वेडी की काय" म्हटलं. तिनं "हं" केलं. मोठ्यांचं मन राखायला मुलं करतात तसं.

ती अधाशासारखी वाचते. माणसांनी सांगितलेलं ती तपासून बघते (थर्मामीटर!), पण गोष्टीतलं तिला आपोआप पटतं. म्हणून गोष्ट हवी आहे. मराठीत शोधलं. आई वारलेली मुलं सापडली, बाप दारुडा असलेली सापडली, सावत्र आई, गरिबी, फी भरायला पैसे नसणं, सगळं सापडलं. पण बाबा जिवंत आहे, घरातच आहे, पीत नाही, मारत नाही, फक्त भिंतीकडे तोंड करून निजलाय, असं घर कुठेच सापडलं नाही.

इंग्रजी चालेल, मी वाचता वाचता मराठी करत जाईन. शेवटच्या पानावर उपदेश असलेलं पुस्तक मात्र नको. ती तो भाग नेहमी सोडून देते.

कोकमकढी | १४ मार्च, रात्री ११:१५

मायकेल रोझेनचं 'सॅड बुक'. २००४ सालचं, चित्रं क्वेन्टिन ब्लेकची. रोझेनचा मुलगा एडी १९९९ मध्ये १८ वर्षांचा असताना मेनिंजायटिसनं गेला, त्यानंतर बापानं लिहिलेलं. पहिल्याच चित्रात तो छान हसतोय आणि मजकूर म्हणतो की हा मी दुःखात असतानाचा चेहरा आहे, हसतोय कारण दुःखी दिसलो तर लोकांना आवडणार नाही असं मला वाटतं. मोठ्या माणसानं मुलांसमोर एवढं खरं बोललेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. उपदेश शून्य.

ओसरी | १४ मार्च, रात्री ११:३२

कोकमकढी, आभार. हे माझ्याकडे आहे आणि मला फार आवडतं. पण त्यात कारण आहे. मुलगा गेला म्हणून बाप दुःखी आहे, हे नऊ वर्षांच्या मुलीला चटकन कळतं. आमच्याकडे कारणच नाही, आणि कारण दिसलं नाही की ती स्वतःला तिथे नेऊन बसवते.

साधासरळ | १५ मार्च, सकाळी ७:५०

स्पष्ट बोलतो, राग नसावा. लहान मुलांना असल्या गोष्टी वाचायला देऊच नयेत या मताचा मी आहे. बालपण एकदाच येतं. त्या पोरीला आजोळी पाठवा सुट्टीत, झाडावर चढू दे, आंबे खाऊ दे. घरात जे चाललंय तेच परत पुस्तकात कशाला? आमच्या वेळी घरात काय काय घडायचं, आम्हाला पत्ता नसायचा. बिघडलो का आम्ही?

पिंपळपान | १५ मार्च, सकाळी ९:०५

साधासरळ, तुम्हाला पत्ता नसायचा कारण तुमच्या घरात ते घडत नसावं. ज्यांच्या घरात घडायचं त्यांना सगळा पत्ता असायचा. मी त्यातली एक.

आमची आई "पडून" असायची. आमच्याकडे एवढाच शब्द होता. शेजारच्या काकूंनी विचारलं की सांगायचं, "आईचं डोकं दुखतंय, पडलीय." सात-आठ वर्षं आईचं डोकं दुखत होतं.

शाळेतून येताना वाण्याच्या वळणावरून आमची गच्ची दिसायची. दोरीवर कपडे असले तर आज आई उठलीय. दोरी मोकळी असली की मी आणि भाऊ पाय न वाजवता जिना चढायचो. हे नियम आम्हाला कुणी सांगितले नव्हते, आम्हीच केले होते. स्वयंपाकघरात भांडं पडू द्यायचं नाही. गणितात पैकीच्या पैकी मिळाले तर पेपर आईच्या उशाशी ठेवायचा आणि वाट बघायची. एकदा सलग तीन दिवस दोरीवर कपडे होते. ते माझ्या उपासामुळे अशी माझी खात्री होती, म्हणून मी पुढे वर्षभर मंगळवार केले. तिसरीतली मुलगी, मंगळवार!

तेव्हा जर एखाद्या पुस्तकात एक मुलगी शाळेतून येताना दोरीकडे बघताना भेटली असती, तर मला निदान हे कळलं असतं की जगात अशी आणखी एक आहे. आंबे आम्हीही खाल्ले हो. झाडावरूनसुद्धा.

कोकमकढी | १५ मार्च, सकाळी ९:२०

पिंपळपान, __/\__

साधासरळ | १५ मार्च, सकाळी ९:४१

पिंपळपान, तुमचा अनुभव मोठा आहे, त्यापुढे मी काय बोलू. पण पुस्तकानं भीती वाढू शकते, या मुद्द्यावर मी ठाम आहे. असो.

खडूफळा | १५ मार्च, दुपारी १:३०

साधासरळ यांचा मुद्दा अगदीच झटकून टाकू नका. पुस्तकावर अवलंबून आहे. शाळेत वाचनालय बघते म्हणून काही अनुभव सांगते.

जॅकलिन विल्सनचं 'द इलस्ट्रेटेड मम' (१९९९) या विषयावर बहुतेक जण आधी सुचवतील. गार्डियनचं बालसाहित्याचं पारितोषिक २००० साली मिळालंय त्याला. अंगभर टॅटू असलेली मॅरिगोल्ड आणि तिच्या दोन मुली, स्टार आणि डॉल्फिन. आईला बायपोलर आजार आहे. कधी ती मध्यरात्री केक करत बसते, कधी दोन दोन दिवस गायब. गोष्ट धाकटी डॉल्फिन सांगते आणि तिला आई जगातली सगळ्यात सुंदर बाई वाटते. थोरली स्टार वैतागलीय, कारण खरी आई तीच झालीय घरातली. दोन बहिणींची दोन मतं आणि दोन्ही बरोबर, हे विल्सननं जे पकडलंय ना, त्याला तोड नाही.

पण एक प्रसंग असा आहे की आई टॅटू झाकायला अंगाला पांढरा रंग फासते आणि घरी एकटी डॉल्फिन असते. अॅम्ब्युलन्स तीच बोलावते. तो भाग वाचून सातवीतली एक मुलगी माझ्याकडे येऊन नुसती उभी राहिली होती. बारा वर्षांच्या आत मी हे देणार नाही. नऊ वर्षांच्या, घरात हेच चालू असलेल्या मुलीला तर नाहीच. शिवाय आजार वेगळा आहे. निजलेल्या बापाच्या घरातल्या मुलीला नाचणारी आई बघून उलट वाटेल की आमच्याकडे आणखी काहीतरी व्हायचं बाकी आहे.

फ्योर्डकाठी | १५ मार्च, सायंकाळी ५:१०

नॉर्वेतून लिहितेय. इथे लहान मुलांसाठी याच विषयाचं एक चित्रपुस्तक आहे, २००७ सालचं. नाव 'होरे तिल मामा', म्हणजे 'आईचे केस'. लेखिका ग्रू डाले आणि चित्रं तिचा नवरा स्वाइन न्यूहूस याची. एमा नावाची छोटी मुलगी आहे. आई बरी असली की तिचे केस मऊ, मोकळे, आणि आई मिटली की केसांचा गुंताच गुंता. मग एमा त्या गुंत्यात शिरते आणि केसांचं जंगल होतं. चित्रं अशी आहेत की बघताना स्वतःच्या डोक्याला हात जातो.

मराठी घरात हे किती चपखल बसेल! आपल्याकडे तर आईनं वेणीफणी केलीय का यावरून घराची तब्येत कळते. (पिंपळपानची दोरी वाचली आणि हेच आठवलं.)

अवांतर: इथे २०१० पासून कायद्यानंच आरोग्यसेवेतल्या लोकांवर जबाबदारी आहे. रुग्ण मानसिक आजाराचा, व्यसनाचा किंवा गंभीर शारीरिक आजाराचा असेल तर त्याला अठराच्या आतली मुलं आहेत का, ती कशी आहेत, त्यांना कुणी समजावून सांगितलंय का, हे बघावं लागतं. दवाखान्यात त्यासाठी नेमलेला माणूस असतो. त्यामुळे अशा पुस्तकांना वाचक आहे, मागणी आहे. आपल्याकडे पेशंटला विचारतात, "सोबत कोण आलंय?" घरी कोण राहिलंय हे कोण विचारतं?

दुसरी खुर्ची | १५ मार्च, रात्री ९:००

समुपदेशनाचं काम करते. पुस्तकांबद्दल मला फारसं कळत नाही, मुलांबद्दल थोडं सांगते, गोष्ट निवडताना उपयोगी पडेल.

अशा घरातल्या मुलांच्या पोटात साधारण तीन प्रश्न असतात आणि ते बहुधा विचारले जात नाहीत. माझ्यामुळे झालं का? मलाही होणार का? आणि बाबा असा, आई त्याच्या मागे, मग माझ्याकडे कोण बघणार? ओसरी, तुमच्या भाचीनं पहिला प्रश्न विचारला, हे तुमचं नशीब. बाकीचे दोन असतील असं धरून चाला.

दुसरं म्हणजे सकाळ-संध्याकाळचा फरक. बऱ्याच पेशंटना सकाळ फार जड जाते आणि दिवस कलला की जरा हलकं वाटतं. मुलं काय बघतात? सकाळी शाळेत जाताना बाबा उठला नाही, "बेस्ट लक"सुद्धा म्हणाला नाही, आणि रात्री मात्र टीव्हीसमोर बसून दोन घास जेवला. म्हणजे सकाळी नाटक करत होता! हा राग मुलांना सतावतो आणि रागाचीही लाज वाटते. तसंच औषधांचं. डॉक्टरकडे गेलं, गोळी घेतली, दुसऱ्या दिवशी बरं, हे मुलांनी सर्दीतापात पाहिलेलं असतं. डिप्रेशनच्या औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. हे मुलांना कुणी सांगतच नाही.

२०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यात मोठ्या माणसांपैकी साधारण २० मागे एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येऊन गेल्याचं दिसलं. खडूफळाताई, तुमच्या चाळीस मुलांच्या वर्गात किती आईबाप येतात, हिशेब करा.

आणि एक विनंती, या धाग्यावर येणाऱ्या सगळ्यांनाच. "बाबांकडे लक्ष ठेव हं" हे मुलाला कधीही सांगू नका. काही वेगळं वाटलं तर कुठल्या मोठ्या माणसाला फोन करायचा, तेवढं नाव आणि नंबर द्या. मोठ्यांसाठी सरकारचा टेलिमानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

कोकमकढी | १५ मार्च, रात्री ९:२५

सकाळ-संध्याकाळचा मुद्दा पहिल्यांदाच ऐकला. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत आम्ही सगळे मोठे असून हेच म्हणायचो, "मॅच लागली की बरे उठून बसतात." आता वाईट वाटतंय.

खडूफळा | १५ मार्च, रात्री ११:००

आणखी दोन पुस्तकं, पण त्याआधी एक तक्रार. या विषयावरच्या निम्म्या गोष्टींत शेवटी मूलच आईबापाला बरं करतं. चित्र काढतं, फूल आणतं, राक्षस मारतं, आणि आई हसते. लेखकाला शेवट मिळतो. पण ओसरीच्या भाचीनं ते वाचलं तर? "त्या मुलीनं करून दाखवलं, मी कमी पडले." मंगळवारच तो, दुसरं काय.

होरेशियो क्लेअरचं 'ऑब्री अँड द टेरिबल यूट' हे वेल्समधून आलेलं पुस्तक. २०१५ चं, पुढच्या वर्षी ब्रॅनफर्ड बोएझ पारितोषिक मिळालं. भाषा बहारदार, बोलणारे प्राणी, जंगल. ऑब्रीच्या बाबांवर यूट नावाच्या भयंकर प्राण्याचं सावट पडलंय आणि ऑब्री त्याच्याशी भिडायला निघतो. पुस्तक म्हणून मला आवडतं. पण शंका तीच, लढायचं कुणी? पोरानं?

टे केलरचं 'द सायन्स ऑफ ब्रेकेबल थिंग्ज' (२०१८) मला त्यामानानं प्रामाणिक वाटतं. नॅटलीची आई वनस्पतिशास्त्रज्ञ, आता खोलीतून बाहेर येत नाही. नॅटलीच्या शाळेत अंडं उंचावरून टाकून न फोडण्याची स्पर्धा आहे, बक्षीस ५०० डॉलर. त्या पैशांतून आईला न्यू मेक्सिकोला नेऊन निळी ऑर्किड दाखवायची, की आई बरी होईल, असा तिचा बेत. वाचणाऱ्या मुलाला तो बेत अगदी पटतो! आणि लेखिका तो बेत फसू देते. धाडस आहे. वय दहा-अकराच्या पुढे. तुमची थर्मामीटरवाली मुलगी वाचेल असं वाटतं, कारण नॅटलीही सगळं प्रयोगवहीत लिहिते.

रातकिडा | १६ मार्च, रात्री १:५०

नेहमी नुसता वाचून जातो, आज लिहितोय. भिंतीकडे तोंड करून निजलेला बाप मी होतो. अडीच वर्षांपूर्वी, सात महिने.

खडूफळाताई, यूटबद्दल तुमच्याशी सहमत नाही. माझ्या बायकोनं ते पुस्तक मागवून मुलाला वाचून दाखवलं होतं, मी शेजारच्या खोलीत ऐकत होतो. तो तेव्हा आठ वर्षांचा. आधी तो माझ्यावर चिडलेला असायचा. दार आपटायचा. पुस्तकानंतर तो त्या यूटवर चिडायला लागला. आजार माझ्या बाहेर गेला, एवढं एक झालं. तो बाबा वेगळा आणि ते जनावर वेगळं. मलाही तसं ऐकून बरं वाटलं होतं, खरं सांगायचं तर. तोपर्यंत मी म्हणजेच ते असं मला वाटत होतं.

लढायला तो वगैरे काही आला नाही. शाळेतून आला की दारात उभा राहून दिवसाचा एक स्कोअर सांगायचा. "भारत २१२ ला ४." किंवा "डब्यात आज उपमा होता." आणि निघून जायचा. मी काही बोललो का, वळलो का, बघायचा नाही. मी त्या आवाजाची वाट बघायचो. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. तोंड वळवता यायचं नाही तेव्हा, खरंच यायचं नाही. बोट उचलायचं म्हटलं तरी ते दुसऱ्या कुणाचं वाटायचं.

पिंपळपान | १६ मार्च, सकाळी ८:१५

रातकिडा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आई गेली तिला नऊ वर्षं झाली. उशाशी ठेवलेले पेपर तिला दिसत होते का, हा प्रश्न मी तिला कधी विचारला नाही.

त्याला सांगा. स्कोअरचं.

साधासरळ | १६ मार्च, सकाळी ८:४०

रातकिडा, काळजी घ्या. बाकी काही लिहीत नाही.

घडीपुस्तिका | १६ मार्च, सकाळी १०:२०

मोठ्यांसाठी: जेरी पिंटो यांच्या कादंबरीचा शांता गोखले यांनी केलेला अनुवाद, 'एम आणि हूमराव'. माहीमच्या छोट्या फ्लॅटमधलं गोवेकर ख्रिश्चन कुटुंब आणि बायपोलर आई. मूळ इंग्रजी २०१२ चं, त्याला पुढे साहित्य अकादमी मिळालं. भाचीला नव्हे, ओसरी, तुम्ही वाचा. त्यातली आई हसवते आणि तेच हसू मग घशात अडकतं. आजारी माणूस म्हणजे नुसता आजार नसतो, तो विनोदीही असतो, दुष्टही असतो, हे तिथे कळतं. मुलांच्या पुस्तकांत आजारी आईबाप बहुधा सोज्वळ आणि फिकुटलेले, हे मला खटकतं.

ओसरी | १६ मार्च, रात्री १०:०५

सगळ्यांचे किती आभार मानू. रातकिडा, तुमचे विशेष. तुमचा प्रतिसाद मी वहिनीला वाचून दाखवला, आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो.

आता एक अडचण. पुस्तकं मागवतेच आहे, पण वाचता वाचता मराठी करायचं तर आजाराला शब्द कुठला? 'नैराश्य' म्हणजे पेपरातला शब्द, परीक्षेत नापास झालं की येतं ते. 'डिप्रेशन' तिच्या वर्गात पोरं वायफाय गेलं तरी म्हणतात. 'मनाचा ताप' म्हणावं तर ती पुन्हा थर्मामीटर काढेल.

कोकमकढी | १६ मार्च, रात्री १०:३०

दमा? अटॅक येतो, जातो, पंप जवळ ठेवायचा. कुणाच्या चुकीनं होत नाही.

दुसरी खुर्ची | १६ मार्च, रात्री १०:४१

दमा ठीक आहे, पण दमेकऱ्याला धाप लागलेली दिसते. इथे बाहेरून काहीच दिसत नाही, गोची तीच आहे.

डीपीवाला | १६ मार्च, रात्री ११:५५

मी लाइनवर काम करणारा माणूस, मानसशास्त्र वगैरे कळत नाही. पण ज्यांच्याकडे थ्री फेज कनेक्शन असतं त्यांचा एक फेज गेला की काय होतं बघा. अर्ध्या घरात लाइट, अर्ध्यात अंधार. शेजारी म्हणतात, तुमच्याकडे तर दिवा दिसतोय! घरातली पोरं अंधाऱ्या खोलीतली बटणं खालीवर करत बसतात. बटणाचा काही दोष नसतो. बल्ब चांगला, वायरिंग चांगलं. बिघाड असतो तिकडे डीपीवर, रस्त्याच्या कडेला. तिथे वायरमननंच चढायचं. घरच्यांनी चढायचं नाही, पोरांनी तर नाहीच नाही. आणि एकदा फ्यूज टाकला तरी कधी कधी परत उडतो, पुन्हा यावं लागतं.

खडूफळा | १७ मार्च, सकाळी ७:३०

डीपीवाला, अहो, तुम्ही इथे इतकी वर्षं नुसते वाचत काय बसला होतात!

पिंपळपान | १७ मार्च, सकाळी ७:५२

"शेजारी म्हणतात, तुमच्याकडे तर दिवा दिसतोय." बस्स. हेच.

ओसरी, याचीच गोष्ट करा. पुस्तक येईपर्यंत. पण शेवटच्या पानावर लाइट आणू नका.

रातकिडा | १७ मार्च, सकाळी ११:१०

का नको? माझ्याकडे आला की.

पिंपळपान | १७ मार्च, सकाळी ११:२५

तुमच्याकडे आला, मला मनापासून आनंद आहे. आमच्याकडे येत-जात राहिला. ज्या घरात अजून आलेला नाही त्या मुलानं शेवटचं पान उलटलं की त्याला काय वाटेल, एवढंच म्हणतेय. वायरमन वर चढलाय, तिथे थांबा.

घडीपुस्तिका | १७ मार्च, दुपारी १२:००

मला दोन्ही पटतंय. पण मुलांना अर्धवट शेवट आवडत नाहीत, पुस्तक फेकून देतात. स्वयंपाकघरातला दिवा चालू आहे ना? मग तिथे काहीतरी घडू दे. पोळ्या, अभ्यास, भांडण, काहीही. वाचणाऱ्याला कळू दे की त्या घरात फक्त अंधारी खोली नाही.

ओसरी | २३ मार्च, रात्री ९:४५

आठवडाभर गायब होते. शनिवारी भाची आली होती, तेव्हा गोष्ट सांगितली. लिहिली नव्हती, तोंडीच. थोडक्यात अशी:

एका घरातला एक फेज जातो. बाबाची खोली त्या फेजवर. मुलगी सगळी बटणं दाबून बघते, बल्ब बदलते, पंख्याला काठीनं ढकलते. मग तिला आठवतं की काल आपण फ्रिजचं दार जोरात लावलं होतं, त्यानंच झालं असणार. (इथे भाची माझ्याकडे न बघता चादरीचा दोरा ओढत होती.) शेजारचे आजोबा म्हणतात, तुमच्याकडे दिवा दिसतोय की! मुलीला इतका राग येतो की ती त्यांच्या कुंडीला लाथ मारते. मग वायरमन येतो. मुलगी त्याला फ्रिजच्या दाराचं सांगून टाकते. तो म्हणतो, बाई गं, फ्रिजच्या दारानं डीपी उडत असता तर माझ्या बायकोनं गावात रोज अंधार केला असता. मुलगी स्वयंपाकघरातल्या उजेडात बसून गृहपाठ करते आणि मध्येच अंधाऱ्या खोलीच्या दारात जाऊन सांगते, "बाबा, सातचा पाढा झाला." रातकिडा, ही उचलेगिरी तुमच्याकडून, माफी असावी.

वायरमन वर चढलाय, तिथे मी थांबले.

भाचीनं विचारलं, "वायरमनला फोन कुणी केला?"

म्हटलं, "आईनं."

"मुलीनं नाही ना?"

"नाही. तिला नंबरच माहीत नव्हता."

"बरं." मग म्हणाली, "कुंडी फुटली का?"

"थोडीशी."

"ती भरून द्यायला लागली असेल."

यावर मी काही बोलले नाही. गॅदरिंगचा, ड्रेसचा विषय तिनंही काढला नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं विचारलं, वायरमन किती दिवस वर राहतो. दुसऱ्या खुर्चीनं सांगितलेलं आठवून मी म्हटलं, आठवडे लागतात, कधी जास्त. तिनं ते बोटांवर मोजलं.

रातकिडा | २३ मार्च, रात्री ११:३०

उचला हो, काही हरकत नाही. मी परवा पोराला स्कोअरचं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटायचं तू झोपलेला असतोस." आता अकराव्या वर्षात पदार्पण करणार, फार बोलत नाही.

साधासरळ | २४ मार्च, सकाळी ७:२०

माझं मत फार बदललेलं नाही. पण ही गोष्ट चालेल. आंबे टाका त्यात कुठेतरी.

खडूफळा | २४ मार्च, सकाळी ८:००

ओसरी, लिहून काढा. आणि यूट आलं का? मराठी करताना त्या प्राण्याला काय म्हणणार? यूट हा उच्चार आपल्याकडे नुसता हवेत जातो. मला 'झापड' सुचतंय. डोळ्यांवर येते ती.

कोकमकढी | २४ मार्च, सकाळी ८:१२

झापड म्हणजे थोबाडीत पण. मुलं हसतील. 'मरगळ्या'?

घडीपुस्तिका | २४ मार्च, सकाळी ८:४०

मरगळ्या आळशी वाटतो, मग बाबावरच येईल ते. 'हुंबाड' बघा. अर्थ काही नाही, पण आवाज भरीव आहे.

ओसरी | २४ मार्च, रात्री ९:१०

पुस्तक आज आलं. तिन्ही नावं फोनवर भाचीला ऐकवली. तिचं म्हणणं, नाव ठेवायचंच नाही. नाव ठेवलं की हाक मारल्यावर येतो.